न मोजलेले घास

चष्म्याच्या दुकानातल्या त्या काळ्या खुर्चीत तो बसला, तो केवळ दुसरी खुर्ची रिकामी नव्हती म्हणून.

डोळे तपासणाऱ्या बाईला हे काय ठाऊक! खुर्चीत माणूस दिसला की त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायची, दिवा मालवायचा आणि समोरची अक्षरांची पाटी लावायची, हे तिच्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की डोकं त्यात भागच घेत नसे. बाहेर वारा सुटला होता, भुरभुर पाऊस काचेवर तिरका आपटत होता आणि दुकानात गर्दी होती.

"खालची ओळ वाचा," ती म्हणाली.

"कुठली?"

"सगळ्यात खालची."

"तिथं ओळ आहे?" तो भाबडेपणानं म्हणाला. "मला वाटलं, भिंत पुसायची राहिलीय."

अंधारात तिला हसू आलं. तिनं एक काच काढली, दुसरी बसवली. "आता बघा. ही बरी, की मगाचची?"

"मगाचची कुठली होती ते विसरलो. परत दाखवा."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिला शंका आली की गडी मुद्दाम विसरतोय. तिनं दिवा लावला. समोर पन्नाशी ओलांडलेला, रुंद पंजांचा माणूस. केसांवर पांढरं काहीतरी. आधी तिला वाटलं पिकलेत, मग कळलं, पीठ आहे.

"खरं सांगू?" तो चौकटीआडून म्हणाला. "मी डोळे तपासायला आलोच नव्हतो. तुमच्या मालकांचा केक द्यायला आलो. समोरची बेकरी माझी. मालक फोनवर होते म्हणून टेकलो… आणि तुम्ही पकडलंत."

"मग बोलायचं की!"

"बोलणार होतो. पण तुम्ही इतक्या मनापासून विचारत होता, 'हे बरं की ते'… बऱ्याच दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं हो."

बाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या वयात, आणि तेही कामाच्या वेळेत. ती लगबगीनं चौकट पुसायला लागली. ती पुसलेलीच होती.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. समोरची बेकरी बाईला माहीत नव्हती असं नाही. उलट नको तितकी माहीत होती. त्या बेकरीसमोरून जाताना ती श्वास रोखायची. गुडघे कुरकुरायला लागले होते, रक्तातली साखर काठावर आली होती आणि डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून तंबी दिली होती. बाईनं ते मनावर घेतलं. वजन आधी भराभर उतरलंही. शेजारणी विचारायला लागल्या, कपडे सैल झाले, बाई आरशासमोर जरा जास्त वेळ रेंगाळायला लागली. तर अशा वळणावर हा पीठ माखलेला माणूस येऊन खुर्चीत बसला. नशिबालाही कधी कधी चेष्टा सुचते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. हातात कागदात गुंडाळलेले दोन तुकडे.

"तुमच्याकडे एक काम आहे," तो म्हणाला, आणि मग उगाच शोकेसमधल्या चौकटी बघत राहिला. "माझ्या तोंडाची चव गेलीय. मोठा ताप आला होता, त्यात वासही गेला, चवही गेली. ताप गेला, पण ती दोघं काही परत आली नाहीत. डॉक्टर म्हणतात, येतील, धीर धरा. पण बेकरीवाल्यानं धीर धरून चालतं का? हात अंदाजानं चालतात. पण कुणीतरी सांगायला हवं ना… बरोबर झालंय का."

"घरात कुणी…"

"बायको गेली, त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी दूर असते. ती म्हणते, बाबा, दुकान देऊन टाका आणि इकडे या. नोकरांना विचारलं तर ते घाबरून छानच म्हणतात. गिऱ्हाइकं कीव करतात. तुम्ही मात्र…" तो हसला. "तुम्ही दिवसभर लोकांकडून खरं वदवून घेता. तुम्हाला खोटं बोलायचं वळण नसणार."

त्यानं दोन्ही तुकडे पुढे धरले. "हा बरा, की हा?"

तिच्याच प्रश्नानं तिला घेरलं होतं. बाईनं पहिला तुकडा तोंडात टाकला. वरची कड कुरकुरली, आतला भाग लोण्यासारखा विरघळला… कितीतरी महिन्यांनी. डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तो तिच्या तोंडाकडे असा टक लावून बघत होता, जसा निकाल लागायचा बाकी असलेला विद्यार्थी.

"पहिला," ती म्हणाली. "दुसऱ्यात साखर जास्त झालीय."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं फक्त मान हलवली, पण अशी हलवली की बाईला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मग हे रोजचंच होऊन बसलं. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं की ती रस्ता ओलांडायची. भट्टीपाशी ऊब असायची, लाकडी टेबलावर दोन बशा मांडलेल्या असायच्या आणि तो टेबलाच्या पलीकडे हात मागे बांधून उभा. कधी दोन पाव, कधी दोन बिस्किटं, कधी एकाच केकचे दोन अवतार.

"हा जरा रुसलाय," ती म्हणायची.

"कुणावर?"

"तुमच्यावर. जास्त वेळ कोंडून ठेवलात."

"आणि हा?"

"हा… हा खुशीत आहे."

"असणारच. तो करताना मी तुमचा विचार करत होतो." आणि लगेच, स्वतःच घाबरून, "म्हणजे… तुम्ही काय म्हणाल याचा."

"कळलं हो मला," बाई म्हणायची, आणि तिसरा तुकडा उचलायची. त्याची गरज नव्हती.

आणि हे सगळं ती खाण्यात धरत नव्हती. कशाला धरेल? जेवायला ती घरी बसायची. तिथं छोटा वजनकाटा होता. अंडं, काकडी, सूप, सफरचंद, सगळं त्यावर चढून मगच ताटात उतरायचं. बेकरीतलं होतं ते काम. उपकार. चव बघणं म्हणजे काय खाणं झालं? शिवाय मनातल्या मनात हिशेब असा, की जे उभ्यानं खाल्लं आणि कुणीतरी प्रेमानं पुढे केलं, ते अंगाला लागत नाही.

तिचं वजन करणाऱ्या काट्याला मात्र हे पटलं नाही. तो जागचा हलेना.

"मावशी, थांब, रडू नकोस," भाची म्हणाली. भाची आहारशास्त्र शिकून नुकती एका दवाखान्यात लागली होती आणि दर आठवड्याला मावशीचं वजन घ्यायला यायची. "या वयात हे सगळ्यांचंच होतं. पाळी जायच्या सुमारास शरीर कमी खर्चात घर चालवायला शिकतं. त्यात तू बारीक झालीस, म्हणजे त्याला आणखी कमी लागतं. आधी चार चुका पोटात जायच्या, आता एक चुकलं तरी काटा अडतो. म्हणून मोजायचं तर नीट मोजायचं. तेल चमच्यानं घेतेस की बाटलीतून?"

"चमच्यानं."

"चहातलं दूध?"

"मोजते."

"मग न मोजलेलं काय आहे? शिजवताना चाखणं, ऑफिसमधलं चॉकलेट, कुणाच्या बशीतलं उरलेलं… लोक तेच विसरतात. मुद्दाम नाही गं. त्यांना ते खाणं वाटतच नाही."

मग खालच्या आवाजात बाईनं बेकरीचं सांगितलं; माणसाचं नाही, फक्त पावाचं.

भाचीनं पाव आणला, लोणी आणलं, मावशीच्या अंदाजानं तुकडे कापून छोट्या काट्यावर ठेवले. मनाशी बेरीज केली आणि भुवया वर नेल्या. "मावशी, तू दिवसभर जेवढं वाचवतेस ना, जवळजवळ तेवढं सगळं दुपारी तिथं ठेवून येतेस."

"बरं."

"त्यात काय एवढं? सांग त्यांना, मी वजन कमी करतेय, नखाएवढा तुकडा द्या. नाहीतर चव बघायची, आणि दुपारच्या जेवणातून तेवढं वजा करायचं. सोपं आहे."

सोपं! भाचीचं वय बघा. त्या माणसासमोर उभं राहून "मी जाड आहे, मला कमी द्या" म्हणायचं? आणि त्यानं विचारलं, कशासाठी बारीक व्हायचंय, तर? गुडघ्यांसाठी, असं सांगता आलं असतं. सुरुवात गुडघ्यांपासूनच झाली होती. पण आता आरशासमोर उभं राहताना बाईला गुडघे आठवत नसत. तो आठवायचा. त्यानं एक दिवस वळून बघावं, आणि बघतच राहावं, एवढीच हौस होती. आणि हे त्याला कळलं असतं तर ती मेल्याहून मेली असती.

म्हणून तिनं एक युक्ती काढली. तिला ती फार शहाणपणाची वाटली.

"आज घाई आहे," ती म्हणाली. "बांधून द्या. घरी निवांत चव घेते, उद्या सांगते."

त्याचा चेहरा किंचित उतरला. पण त्यानं निगुतीनं दोन पुड्या बांधल्या. त्या संध्याकाळी दोन्ही पुड्या इमारतीच्या वॉचमनच्या हातात पडल्या. दुसऱ्या दिवशी बाईनं ठोकून दिलं, "दुसरा. दुसरा फार छान."

"हो ना? मलाही वाटलंच होतं," तो खुलून म्हणाला.

मग रोज तेच. कधी पहिला, कधी दुसरा, शंका नको म्हणून मधूनच "जरा कमी भाजलाय". काटा हलला. उतरायला लागला. बाई हरखली. नवा ड्रेस घेतला, निळा. पुडी घ्यायला पाचच मिनिटं थांबायची. पण त्या पाच मिनिटांत तो बघायचा.

"तुम्ही… बारीक झालात," एकदा तो म्हणाला. याच्यासाठीच तर सगळा आटापिटा होता.

"हो का?"

"तब्येत बरी आहे ना? काही लपवत नाही ना माझ्यापासून?" त्याच्या आवाजात इतकी काळजी होती, की सांगायचं तर तोच क्षण होता. एका वाक्याचं काम. तो हसला असता, तीही हसली असती.

"कामाचा ताण," बाई म्हणाली.

त्याच आठवड्यात जवळच्या वसतिगृहाची ऑर्डर आली. रोजच्या पावाची, कायमची. तो अख्ख्या गल्लीत सांगत सुटला. बाईला म्हणाला, "हे जमलं ना, तर मुलीला कळवून टाकणार आहे, बाबा काही येत नाहीत. बाबांचं इथं बरं चाललंय." आणि मग, खाली बघून टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करत, "त्यानंतर तुमच्याशीही बोलायचंय. घाईचं नाही… पण बोलायचंय."

ती रात्र बाईनं कशी काढली असेल, हे सांगायला नको.

सकाळी तिनं दुकान उघडलं तेव्हा तो दारातच उभा होता. रात्रभर जागलेले डोळे, हातात गरम पाव. "पहिल्याच भट्टीचा आहे. वसतिगृहासाठी गाडी थांबलीय. आज मात्र घरी नाही, आत्ताच सांगा."

बाईनं मोजून नाश्ता केला होता. आणि संध्याकाळी भाची वजन घ्यायला येणार होती. ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरायला थोडंसंच उरलं होतं. आज एक तुकडाही जास्तीचा नको होता. "तुम्ही जा, गाडी भरा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय, एवढं बघते आणि लगेच खाऊन सांगते."

पाव पर्समध्ये गेला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. थोड्या वेळानं तिनं काचेतून पाहिलं, तर तो रस्त्यापलीकडे, गाडीच्या दारावर हात ठेवून तिच्याकडेच बघत उभा होता. तिनं हात उंच केला. बोटं जुळवून, मान डोलावून खूण केली. झकास.

त्यानं दार लावलं. गाडी निघाली.

दुपारी गाडी परत आली, तशीच भरलेली. पावात मीठच नव्हतं. ऑर्डरच्या धास्तीनं, जागरणानं, कशानं कोण जाणे, त्याचा हात मिठाकडे गेलाच नव्हता. वसतिगृहानं माल परत पाठवला आणि पुन्हा येऊ नका म्हणून कळवलं. गल्लीभर बातमी झाली. बाईनं पर्समधला पाव काढून चावला. चव कसली, ओला कागद चघळावा तसं.

ती धावत गेली. तो टेबलापाशी बसला होता. त्याला बसलेलं तिनं तिथं कधी पाहिलं नव्हतं.

"खाल्ला होता ना तुम्ही?" त्यानं शांतपणे विचारलं.

आता 'नाही' म्हणायचं, तर मग कालचं, परवाचं, गेल्या कित्येक दिवसांचं सगळंच ओकावं लागलं असतं. वॉचमन, निळा ड्रेस, आरसा… सगळं. आणि तिच्या तोंडून जे निघालं, ते तिला आजही स्वप्नात ऐकू येतं.

"खाल्ला होता. मला… मला नाही कळलं."

"कळलं नाही?" तो म्हणाला. "मीठ नाही, हे कुणालाही कळतं. गाडीवाल्याला कळलं." मग त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे तुम्हीही माझं मन राखत होता. इतके दिवस. सगळे कीव करतात, ते मी समजू शकतो. पण तुम्ही खरं सांगताय, एवढ्या भरवशावर मी ही भट्टी पेटवत होतो हो."

"तसं नाही—"

"मग कसं?"

तो उठला आणि परत आलेल्या पावांचे ट्रे आत नेऊ लागला. तिनं एक ट्रे उचलायला हात लावला, तर म्हणाला, "राहू द्या. तुम्हाला उशीर होईल."

त्या संध्याकाळी काट्यानं ठरलेला आकडा दाखवला. भाचीनं टाळ्या वाजवल्या, मावशीला मिठी मारली आणि मग दचकून मागे झाली, कारण मावशी हुंदके देत होती. त्या रात्री भाचीला सगळं कळलं, माणसाचंही.

"अगं, मग जा आणि सांग की," ती म्हणाली. "तो काय तुला खाणार आहे?"

जायचं धैर्य गोळा करण्यात बाईनं दिवसांमागून दिवस घालवले. रोज रस्त्यापर्यंत जायची आणि गाड्यांची रांग बघून, जणू त्या गाड्यांनीच अडवलंय असं दाखवत, मागे फिरायची. शेवटी गेली तेव्हा बेकरीच्या दारात एक अनोळखी रंगारी नवी पाटी रंगवत होता. आत भट्टी गार होती. तो दोरीनं एक खोकं बांधत होता.

"दुकान दिलं," तो म्हणाला. "आज निघतोय. मुलीकडे."

मग मात्र बाईनं सांगितलं. उभ्यानं, श्वास न घेता सांगितलं. गुडघे, साखर, काटा, भाची, तुकड्यांची बेरीज, वॉचमन. "मी खाल्लाच नव्हता तो पाव," ती म्हणाली. "कीव नव्हती हो. मला लाज वाटत होती. मला तुमच्यासमोर… चांगलं दिसायचं होतं."

त्याच्या हातातली दोरी थांबली. क्षणभर असं वाटलं की तो हसेल. ओठ हललेही.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "अहो, मग कणभर दिलं असतं. चिमटीएवढं. तुम्ही चाखून थुंकून टाकलं असतंत तरी चाललं असतं. मी कुठं तुम्हाला खायला घालत होतो? तुम्ही यायचात, ते मला हवं होतं."

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो एक पाऊल पुढे आला, मग थांबला.

"आणि चांगल्या तर तुम्ही त्या दिवशीही दिसत होता. अंधारात. नुसत्या आवाजावरून."

"जाऊ नका," ती म्हणाली. "थांबा ना. भट्टी नसली तरी चालेल. मला तुम्ही हवे आहात. कधीपासून… मी सांगितलं नाही, चुकलं माझं."

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. तो खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईनं तो घालवला असता.

"मुलीला शब्द दिलाय," तो म्हणाला. "तिनं माझ्यासाठी खोली केलीय. ते मोडलं असतं मी, खरंच मोडलं असतं. पण एक सांगू? आता तुम्ही जे म्हणालात ना, ते ऐकायला मी किती दिवस थांबलो होतो. आणि आता ऐकतोय, तर ते खरं आहे की माझ्याकडे बघून तुमचं मन द्रवलंय… हे मला ओळखता येत नाहीये. आधी जिभेचंच कळत नव्हतं. आता तुमचंही कळत नाही."

"खरं आहे," बाई म्हणाली. "शपथ, खरं आहे."

"असेल," तो हळुवारपणे म्हणाला. "असेलही."

त्यानं खोकं उचललं. दारापाशी वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. त्या निळ्या ड्रेसमध्ये ती उभी होती, हवी होती तेवढी बारीक, आणि तो बघतच राहिला. मग टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला होता की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.